चौथ्या दिवसाच्या आत

४ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही, आणि ते मुद्दामच. गेल्या एकोणीस वर्षांत मी तुला सात पत्रं टाकली आणि सातही न फोडता परत आली. म्हणून या वेळी पत्ता इथल्या सिस्टरांकडून लिहून घेतला. फसवलं म्हणून चिडशील. चीड. पण फोडलंच आहेस तर आता वाच.

हातात धरायला घाबरू नकोस. या कागदाला माझा हात लागलेला नाही. मी लिहिलेला कागद खोलीबाहेर जाऊ देत नाहीत. मी तो दाराच्या काचेला लावून धरते, पलीकडून सिस्टर मोबाइलवर फोटो काढतात आणि तो छापून पाकिटात घालतात. काल रजेची चिठ्ठी अशीच दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "जरा मोठं अक्षर काढा हो, मुंग्या चालल्यासारखं लिहिता." तुझंच बोलणं आठवलं.

मी दवाखान्यात आहे, वेगळ्या खोलीत. मला एमपॉक्स झालाय. आधी त्याला मंकीपॉक्स म्हणायचे. माकडाला मी जन्मात हात लावलेला नाही. डॉक्टर म्हणाले, तो पहिल्यांदा सापडला प्रयोगशाळेतल्या माकडांत, म्हणून बिचाऱ्यांचं नाव चिकटलं. खरा मुक्काम जंगलातल्या उंदीर-खारींत असावा म्हणतात. त्यांच्यातून माणसात येतो आणि मग माणसाकडून माणसाला, अंगाला अंग लागून, किंवा आजारी माणसाच्या अंथरुणा-कपड्यांतून.

माझ्याकडे तो चादरीतून आला, असा त्यांचा अंदाज आहे. तुला माहीत नसेल, बालदवाखान्यातली आयाची नोकरी मी तेव्हाच सोडली. आता एका मोठ्या धुलाईखान्यात आहे. हॉटेलांच्या आणि वसतिगृहांच्या चादरी येतात, दिवसाला दीड-दोन हजार. माझं काम निवडायचं. डागाळलेल्या एकीकडे, फाटक्या एकीकडे. प्रत्येक चादर उचलून झटकायची, कारण लोक अंथरुणात काय काय विसरतात. चष्मे निघतात, एकदा तर कवळी निघाली. हातमोजे मिळतात, पण बॉयलरच्या शेजारी हात इतके घामेजतात की मी काढून खिशात ठेवायचे. कुठल्याशा खोलीत कुणीतरी अंगावर फोड घेऊन झोपलं होतं आणि त्याची चादर मी झटकली, एवढंच.

डॉक्टरांनी आल्या आल्या दंड बघितला. "देवीची लस टोचलेली आहे का?" मी म्हटलं, माझ्या वेळेपर्यंत ती बंद झाली होती. माझ्या बहिणीला आहे, दंडावर चांगला मोठा वण आहे. ते म्हणाले, मग त्यांना थोडंफार संरक्षण आहे, हे दोन्ही आजार एकाच घराण्यातले. तेव्हा तुझी काळजी नाही.

ताप उतरलाय. फोड दुखतात, पण सहन होतं. माझ्या जवळपास कुणी नव्हतं, त्यामुळे कुणाला लागण व्हायची भीती नाही. उगाच लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं.

चिंगी बरी असेल. भावोजींना नमस्कार.

तुझी धाकटी


५ फेब्रुवारी, दुपार

ताई,

आजचं पत्र तुला आधी मिळेल आणि कालचं नंतर, कुरिअरने. कालचं आलं की फाडून टाक. त्यात एक वाक्य खोटं आहे आणि तेच महत्त्वाचं आहे.

माझ्या जवळपास कुणी नव्हतं असं मी लिहिलं. चिंगी होती.

आता पुरतं सांगते. तुझी लेक गेली दोन वर्षं माझ्याकडे येते. तिनंच मला शोधून काढलं. लग्न होऊन या गावात आली आणि एक दिवस धुलाईखान्याच्या दारात उभी राहिली. मी ओळखलं नाही. म्हणाली, "मावशी, मी तुमची चिंगी. आईला सांगू नका हं." सात वर्षांची असताना पाहिलेली पोर. मी तिथेच चादरींच्या ढिगावर बसले. तेव्हापासून जावई ट्रक घेऊन लांब गेले की ती रविवारी माझ्याकडे येते. तुझ्यापासून लपवलं, हा गुन्हा दोघींचा, पण मोठी मी आहे.

परवाच्या रविवारी ती आली होती. सातवा महिना, पाय सुजलेले. मी तिचे पाय मांडीवर घेऊन तासभर चोळले. उघड्या हातांनी. दुपारी दोघी एकाच अंथरुणावर पडलो. तेव्हा मला तीन दिवसांपासून कणकण होती, मानेत गाठी आल्या होत्या आणि मनगटावर दोन फोड होते. तिनं विचारलं, "हे काय झालं मावशी?" मी म्हटलं, "साबणाच्या सोड्यानं पोळलं." ताई, मला तेव्हा ते खरंच सोड्याचं वाटलं का? मी स्वतःला दोन दिवस हेच विचारतेय. वाटलं असं म्हणवत नाही. रविवारी ती आली नसती तर माझा आठवडा कोरडा गेला असता, म्हणून मला ते सोड्याचंच हवं होतं.

काल आरोग्य खात्याची एक बाई आली होती, हातात वही. मी तिला यादीवाली म्हणते. "गेल्या काही दिवसांत तुम्ही कुणाकुणाला स्पर्श केलात?" मी मुकादमांचं नाव सांगितलं, शेजारणीचं सांगितलं, चिंगीचं गाळलं. नाव यादीत गेलं तर तिच्या घरी माणसं जातील, तुला फोन जाईल, आमचं भेटणं उघडं पडेल, एवढंच माझ्या डोक्यात. संध्याकाळी यादीवाली परत आली. काचेपलीकडे स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "मावशी, मी पोलीस नाही. ज्याचं नाव मला मिळतं त्याला मी लस देऊ शकते. चार दिवसांच्या आत दिली तर आजार टळायची शक्यता चांगली असते. उशीर झाला तरी द्यायची, पण मग तेवढी खात्री नाही."

मी बोटं मोजली. रविवारपासून चौथा दिवस म्हणजे गुरुवार. माझ्या लपवण्यात मंगळवार गेला होता. मग सांगितलं.

आज सकाळी आरोग्य खात्याची माणसं चिंगीकडे गेली. तिला अजून काही नाही. लस घेते म्हणाली, आणि मग तिनं तुला फोन केला. तू काय म्हणालीस ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं, रडत. "त्या बाईचं ऐकून माझं एक गेलं. दुसरं जाऊ देणार नाही, आणि पोटातलं तर मुळीच नाही."

तुझं चुकलं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण एक गोष्ट तुला माहीत नाही, आणि ती न सांगता मी तुला 'हो म्हण' असं सांगू शकत नाही.

तुझ्या गुंडूला मी आमच्या बालदवाखान्यात गोवराच्या डोसाला घेऊन गेले तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता. तो गरम होता. टोचायच्या आधी तिथल्या नर्सनं विचारलं, "ताप वगैरे?" मी म्हटलं, "छे, मस्त खेळतोय." मला तो डोस उरकायचा होता. मी तिथली आया, माझ्याच भाच्याचा डोस राहिलेला, सगळ्या चिडवायच्या. दुसऱ्या दिवशी त्याला झटके आले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं की हा मेंदूज्वर आहे, सुईच्या आधीपासून अंगात होता, सुईचा संबंध नाही. तू ऐकण्याच्या स्थितीत नव्हतीस. मी ऐकत होते. त्याच डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताप कधीपासून होता?" मी म्हटलं, माहीत नाही.

मी ताप सांगितला असता तर त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांनी त्याला तपासलं असतं. वाचला असता असं कुणी म्हणत नाही. पण एक दिवस आधी कळलं असतं. सुईनं काही केलं नाही ताई. जे केलं ते माझ्या तोंडानं केलं.

एकोणीस वर्षं तू माझा राग केलास तो बरोबर होता, फक्त कारण चुकीचं होतं. आता खरं कारण तुझ्याकडे आहे. हवा तेवढा राग कर. पण तो राग लशीवर काढू नकोस.

डॉक्टरांना मी सगळं विचारलं. या लशीतला विषाणू अंगात वाढू शकत नाही. गरोदर बायकांवर फार मोठा अभ्यास झालेला नाही हे त्यांनी आपणहून सांगितलं, पण आजवर काही वाईट दिसलेलं नाही. आणि आजार झाला तर मात्र पोटातल्या बाळाला धोका असतो, हे नक्की माहीत आहे. मला आवडलं ते. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा माणूस.

हे पत्र सिस्टर चिंगीला पाठवतील, ती भावोजींच्या मोबाइलवर. ते तुला वाचून दाखवतील. उद्या गुरुवार आहे.

धाकटी


७ फेब्रुवारी

ताई,

तू काय केलंस ते मी तुलाच लिहून सांगते आहे. हसशील. पण काल दुपारपासून मी सिस्टरांकडून ते तीनदा ऐकलं, तरी मन भरत नाही.

त्या म्हणाल्या, बाराच्या सुमाराला एक बाई आल्या, गळ्यात शिवणाची टेप तशीच लटकलेली. पहाटेची गाडी धरली होतीस ना? मशीनवरून उठून निघालीस की काय? चिंगी खालच्या लशीच्या खोलीत बसली होती. तू तिच्याशी एक शब्द बोलली नाहीस. थेट डॉक्टरांसमोर.

"हिचा ताप बघितला का?"

"बघितला. नाहीये."

"पुन्हा बघा. माझ्यासमोर."

त्यांनी पुन्हा बघितला. मग तू म्हणालीस, घसा बघा. मानेतल्या गाठी बघा. हातपाय बघा. सिस्टर म्हणतात, सरांनी इतकी तपासणी स्वतःच्या परीक्षेतसुद्धा केली नसेल. मग तू विचारलंस, "लस टोचून हिला काही झालं तर कुणाला विचारायचं?" त्यांनी आपला नंबर कागदावर लिहून दिला आणि म्हणाले, "मला विचारा आजी."

"आजी व्हायचीय मी अजून. आधी नीट होऊ द्या, मग म्हणा."

सगळी खोली हसली म्हणे. तू नाही हसलीस. चिंगीच्या बाहीचं बटण तू स्वतः काढलंस आणि टोचताना तिचं डोकं तुझ्या पोटाशी दाबून धरलंस. नंतर अर्धा तास थांबायचं असतं, तू दीड तास बसवून ठेवलंस.

आणि जाताना सिस्टरांना विचारलंस, "वरच्या त्या बाईला फार दुखतं का?"

त्यांनी काय उत्तर दिलं कोण जाणे. मी सांगते. परवापर्यंत दुखायचं. हातावरचे फोड असे ठणकायचे की पेन धरताना जीव जायचा, पण तुला तसं लिहिलं नाही. आता खपल्या धरायला लागल्या आहेत. काल तर मला काही म्हणजे काही जाणवलं नाही.

तू वर यावंस असं मी म्हणत नाही. यायला परवानगीही नव्हती. चिंगीला सोबत घेऊन गेलीस हे फार चांगलं केलंस. एकवीस दिवस तिच्यावर लक्ष ठेवायचं आहे. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, अंगावर कुठं काही उठतंय का बघायचं. तुला हे सांगायची गरज नाही, पण मला लिहायची गरज आहे.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

हे आता माझ्या हातचं पत्र आहे, फोटो नाही. शेवटची खपली परवा पडली. खाली कोवळी गुलाबी कातडी आलेली पाहिली, डॉक्टरांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "चला, सुटलात." हनुवटीवर एक खड्डा राहील. या वयात मला कोण बघायला येतंय!

चिंगीचे एकवीस दिवस रविवारी संपले. तिचा फोन आला, "मावशी, एक पुळीसुद्धा नाही." मी डॉक्टरांना विचारलं, लशीनं वाचवलं ना? ते म्हणाले, "लशीनं असेल, कदाचित लागण झालीच नसेल. एका माणसावरून सांगता येत नाही. हजार माणसांवरून सांगता येतं, आणि हजारांत लस जिंकते." मला एकीचंच उत्तर हवं होतं, पण ठीक आहे. एकीला काही झालं नाही, हे उत्तर मला पुरे.

घरी आले तर शेजारीणबाईंनी दार अर्धं उघडून विचारलं, "बऱ्या झालात?" आणि लावून घेतलं. बोळातून एकजण ओरडला, "माकडीण आली!" पूर्वीची मी असते तर आठवडाभर दार लावून बसले असते. मी वळून म्हटलं, "अहो, माकडाचा काही संबंध नाही. या इकडे, समजावून सांगते." तो असा पळाला की त्याची चप्पल मागे राहिली. तासाभरानं शेजारीणबाईंनीच दार उघडलं, पुरतं, आणि म्हणाल्या, "मला सांगा बाई नीट. मीही तुमच्या हातचा चहा प्यायले होते." मी बसून सांगितलं. चहानं होत नाही म्हटल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी मलाच चहा दिला.

कामावर सोमवारपासून जायचंय. मुकादमांनी निरोप पाठवलाय, या म्हणून. पण तिथल्या बायका मला जवळ घेतील की नाही, ठाऊक नाही. इस्त्रीच्या लांब रोलरवर एक अक्का आहे, तिच्यावर सगळं अवलंबून. ती ज्या बाकावर बसत नाही त्या बाकावर कुणी बसत नाही.

या पत्राचं उत्तर नको. परत आलं नाही तरी मला कळेल.

धाकटी


९ मार्च

ताई,

पत्र परत आलं नाही. आभार.

धुलाईखान्यात काय झालं ते ऐक. पहिल्या दिवशी डब्याच्या वेळी मी बाकावर बसले आणि अख्खा बाक रिकामा झाला. अक्का रोलरपाशी उभ्यानं जेवली. दोन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी यादीवाली लस घेऊन आली. चादरी निवडणाऱ्या आणि उचलणाऱ्या सगळ्यांसाठी, कारण अशी चादर पुन्हाही येऊ शकते. टेबल मांडलं, डबे मांडले, आणि एकही बाई पुढे येईना. अक्का हात बांधून उभी. "आम्हाला काही झालेलं नाही. ज्यांना झालंय त्यांना टोचा."

यादीवालीनं माझ्याकडे पाहिलं. मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, चारचौघांत माझी जीभ टाळूला चिकटते. पण मी उठले आणि पदर खांद्यावरून बाजूला करून हात पुढे केले. वण अजून ताजे आहेत.

म्हटलं, "अक्का, हे बघ. मोजून घे. एकेक चार-चार दिवस ठणकत होता. मी हातमोजे खिशात ठेवले होते आणि फोड आल्यावर सोड्यानं पोळलं म्हणून सांगितलं होतं. माझ्या गरोदर भाचीचे पाय याच हातांनी चोळले. माझ्यासारखं करू नकोस, एवढंच सांगते."

मग अक्कानं विचारलं, "भाचीचं काय झालं?"

"चौथ्या दिवशी लस मिळाली. ठणठणीत आहे."

अक्का पुढे आली. मुकादम म्हणाले, आधी बायका मग मी, तर अक्का म्हणाली, "का, सुईला घाबरता?" आणि त्यांना रांगेत ओढलं. यादीवालीनं मला टेबलाशेजारी बसवलं. टोचायच्या आधी प्रत्येकीला विचारायचं काम माझ्याकडे. ताप आहे का, आधी कुठल्या औषधानं त्रास झालाय का, पोटात बाळ आहे का. मी प्रत्येकीचा हात हातात घेऊन विचारलं. एकीचा गरम लागला. "काही नाही हो, चालत आले म्हणून," म्हणाली. मी म्हटलं, "बस. आधी डॉक्टर बघतील." ती रागावली. तपासलं तर ताप होता, घसा आलेला. साधं होतं, चार दिवसांनी बोलावलं.

ताई, मी तिथून उठून चादरींच्या मागे गेले आणि रडले. चांगलं रडणं होतं ते.

आता आमच्याकडे नियम झालाय, चादर झटकायची नाही, गुंडाळून सरळ मशीनमध्ये घालायची. आणि डागाळलेल्या येतात त्यांच्या पिशवीला वेगळी खूण. कवळ्या धुऊन निघतील आता.

गुरुवारी चिंगीचा दुसरा डोस झाला, बरोबर अठ्ठावीस दिवसांनी. तू घेऊन गेली होतीस, तिनं सांगितलं. त्या डॉक्टरांचाही ताप बघितलास का?

धाकटी


१७ एप्रिल

ताई,

मुलगी! चिंगीनं फोटो पाठवला. नाक अगदी तुझं, आणि चेहऱ्यावर भाव असा की कुणीतरी माप चुकवलंय. तीन किलोला थोडी कमी, रडणं खणखणीत. अक्कानं फोटो सगळ्या धुलाईखान्यात फिरवला. मुकादम म्हणाले, "ही आपल्या लशीची पोरगी." यावर अक्का म्हणाली, "पोरगी तिच्या आईची आहे, तुम्ही मशीन चालू करा."

तू आजी झालीस. आता ते डॉक्टर म्हणाले तर चालेल.

मी काही मागत नाही. चिंगी फोटो पाठवत जाईल, तेवढं तिला करू दे.

धाकटी


२ मे

धाकटे,

मला पत्र लिहायची सवय नाही. मापं लिहायची आहे. तेव्हा लांबण लावणार नाही.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र यांनी मला वाचून दाखवलं तेव्हा मी मशीन थांबवलं नाही. पूर्ण बाही उलटी शिवली आणि नंतर उसवली. मग पहाटेची गाडी धरली. तू लिहिलेलं सगळं मला पटलं म्हणून नाही. चौथा दिवस होता म्हणून.

तुझा राग आला. अजून येतो. गुंडूचा हात गरम होता आणि तू 'मस्त खेळतोय' म्हणालीस, हे माझ्या कानातून जाणार नाही. पण गेले तीन महिने मी जे गिळून बसलेय ते आता लिहिते, कारण तू लिहिलंस आणि मी लिहिलं नाही तर मला या पोरीला मांडीवर घ्यायला बरं वाटत नाही.

त्या सकाळी मी त्याला अंघोळ घातली. अंग मलाही कोमट लागलं. म्हटलं, पाण्याचं असेल. तो म्हणाला, "आई, मान दुखते." शाळेचे तीस गणवेश द्यायचे होते त्या दिवशी. मी म्हटलं, "झोपेत अवघडली असेल, जा मावशीबरोबर." त्याला तुझ्याबरोबर पाठवला तो डोसासाठी नाही. हाताशी लुडबुडत होता म्हणून पाठवला.

तू ताप लपवलास. मी मान लपवली. डॉक्टरांनी मलाही विचारलं होतं, आधी काही म्हणत होता का. मी म्हटलं, नाही. मग तुझ्यावर ओरडत राहिले. ओरडत असले की मला त्याचं ते 'मान दुखते' ऐकू यायचं नाही. तुझी पत्रं परत पाठवली ती याच भीतीनं, की तुला ते ठाऊक असेल आणि तू ते लिहिलं असशील.

यांना काल सांगितलं. एकोणीस वर्षांनी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बहिणीला लिही."

बाळ चांगलं आहे. रात्री जागतं, दिवसा झोपतं, तुझ्यावर गेलंय. चिंगी नाव तूच सुचव म्हणते. मी काही म्हटलं नाही. मी काही म्हटलं नाही म्हणजे हो असतं, हे तू विसरली असशील.

२६ तारखेला, सोमवारी, तिचे दीड महिन्याचे डोस आहेत. चिंगी घाबरलेली नाही. मी घाबरलेय. तेव्हा रविवारीच ये. सोमवारी सकाळी तू तिला हात लावून बघ, मीही बघते. एकीच्या हाताला गरम लागलं नाही तर दुसरीच्या लागेल. आणि तिथं नर्सनं विचारलं की दोघींनी तोंड उघडायचं, काय असेल ते सांगायचं. काही नसेल तर नाही म्हणून सांगायचं आणि टोचून घ्यायचं.

दुपारची गाडी धर, तिला बसायला जागा मिळते. हे म्हणत होते, मी स्टँडवर जातो तिला आणायला. मी म्हटलं नको, मी जाते.

ताई